मगदूम वहिनींची वाटी

मी मगदूम वहिनींची वाटी रिकामी परत दिली, आणि त्या वाटीतून आमच्या ह्यांचं खाकरणं शेजारी गेलं.

घरात शिरायच्या आधी दारात उभं राहून घसा साफ करायची ह्यांची सवय. पाटबंधारे खात्यात नोकरी, गावोगावच्या क्वार्टरच्या दारात खाकरलेले आहेत. ते ऐकलं की मी उठायची, माझ्या बांगड्या वाजायच्या आणि चहाचं आधण चढायचं. बुधवारी मात्र हे भाजी घेऊन आले ते थेट माझ्या पाठीशी येऊन उभे. मी केवढी दचकले!

"अहो, खाकरायचं तरी!"

ह्यांनी तोंड उघडलं, मान ताणली. काही आलं नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडे मगदूमांच्या दारात कुणीतरी खाकरलं. अस्सल ह्यांचं. शेवटचा बारीक 'हं'सुद्धा होता.

"मगदूम भाऊजी आले वाटतं," हे म्हणाले आणि भाजी निवडायला बसले.

मी तशीच शेजारी गेले. मगदूम वहिनी लसूण सोलत होत्या.

"वहिनी, आमच्या ह्यांचं खाकरणं तुमच्याकडे आलंय."

"आलंय की."

"ते परत पाहिजे."

"आता कसं हो? मुरलं ते." त्यांनी पाट सरकवला. "बसा तरी. आणि वाटी तुम्हीच रिकामी दिलीत ना? आपल्यात रिकामी वाटी देत नाहीत."

"साखर संपली होती."

"असू दे. रिकामी कुठली जातीय? जे असेल ते जातं."

मला राग आला तो त्या 'आपल्यात'चा. कुणाच्यात? हे निवृत्त झाल्यावर आम्ही मिरजेच्या ह्या बिल्डिंगीत येऊन अजून पडदेसुद्धा लावले नव्हते. मी काही दूधखुळी नाही. माणसं एकत्र कशानं राहतात ते मी पाहिलेलं आहे. सासरची भावकी पाहिली. बांधावरून डोकी फोडतील, पण मयताला पहिली उभी. ती जन्मानं गळ्यात पडते, नको म्हणायची सोय नाही. क्वार्टरमधली माणसं एकाच साहेबाला भ्यायची, म्हणून एक होती. बदली झाली की कोण कुणाचं! एका गावात बायकांचं भजनी मंडळ होतं, पेटी वाजवणारी सून मुंबईला गेली आणि मंडळ मोडलं. पण दोरी कुठली ते तरी दिसायचं. इथं मगदूम, इनामदार, सनदी, कांबळे. ना नातं, ना गाव एक, ना देव एक. तरी दुपारी सगळ्या गॅलऱ्यांत एकाच वेळी जांभई दिली जायची. मी स्वतः पाहिलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

ह्यांना मी बजावलं, कुणाची वाटी घ्यायची नाही. पण हे पहिल्यापासून भिडस्त, आणि भीड भिकेची बहीण. मी अंघोळीला गेले की दार वाजायचं, हे वाटी घ्यायचे, खायचे, घासूनपुसून लख्ख परत द्यायचे. त्यांना वाटायचं, धुऊन दिली म्हणजे झालं. इनामदार भाभींच्या वाटीतून ह्यांचं हसू गेलं. सनदींच्या वाटीतून डाव्या पायाचं ओढणं गेलं. मग सनदी पाय ओढत जिना चढायला लागले, आणि हे घरात सरळ चालायला लागले. बशीतल्या चहावर तीनदा फुंकर मारायची लकब कांबळे सरांकडे गेली. कांबळे सर गॅलरीत उभे राहून, मला दाखवून फुंकर मारायचे.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" मी ह्यांना विचारलं.

"हलकं वाटतंय गं, मालू." त्यांनी हसल्यासारखं तोंड केलं, आवाज खालच्या मजल्यावर इनामदारांकडे झाला. "जन्मभर सगळे साहेब म्हणाले. इथं अण्णा म्हणतात. गॅलरीतून हाक मारतात."

"अहो, हाक मारतात आणि एकेक तुकडा नेतात!"

"ठेवून तरी काय करायचं होतं?"

मला रडू आलं. हा माणूस माझा होता. मी त्याच्याबरोबर बारा गावचं पाणी प्यायले होते, आणि आता तो जिन्याजिन्यात वाटला जात होता.

मी साखरेचं पोतं आणलं. प्रत्येक वाटी मीच दारात घ्यायची, मूठभर साखर घालूनच परत द्यायची. साखर घातली की वाटी मुकाट जायची, ह्यांचं काही हलायचं नाही. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्याच दिवशी सनदीबाई दारात.

"वहिनी, वाटीभर साखर आहे का हो?"

दारात आलेल्या शेजारणीला साखर नाही म्हणू नये, हे माझ्या आईनं शिकवलेलं. दिली. मागून इनामदार भाभी. मागून कांबळे बाई. पोतं बसलं. संध्याकाळी आमच्याच साखरेची खीर वाट्यांतून आमच्याकडे आली. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच! मी डबे खरवडले. गूळ घातला, शेंगदाणे घातले, शेवटी तुळशीची पानं घातली. तुळशीच्या नुसत्या काड्या राहिल्या.

"आपण जाऊ या," मी ह्यांना म्हणाले. "भावकीत जाऊ. भांडतील, पण अंगाला हात लावणार नाहीत."

ह्यांनी मान हलवली. ती अजून त्यांचीच होती. मी ट्रंक भरली आणि सकाळी दार उघडलं.

उंबऱ्यापासून खालच्या वळणापर्यंत जिन्यात वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर बशी, बशीच्या कडेनं वाफ. पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"उचला पाय," मी म्हणाले.

"अन्न आहे, मालू. अन्न कसं ओलांडायचं?"

मी पाय उचलला, खरंच उचलला, आणि माझाही पाय हवेत थांबला. काय करणार, लहानपणी त्याच पायावर मार खाल्लेला. हे खाली बसले. पहिली वाटी उचलली, बशी काढली आणि खायला लागले. वाट मोकळी करायचा दुसरा उपाय नव्हता. मी पण त्यांच्याशेजारी बसले, पण ते एकही वाटी मला देईनात. खाल्लेली वाटी हे धुवायचे, कुणीतरी वरून खाली, खालून वर येऊन घेऊन जायचं.

"चांगली झाली होती ना, अण्णा?" इनामदार भाभींनी ह्यांच्याच हसण्यानं विचारलं.

हे माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. ओठ हलले, 'मा' झालं, 'लू' झालं, आवाज नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली, "मालू!" मग खालून. मग गेटपाशी दूधवाल्याशी बोलणाऱ्या सनदींनी मान वर करून म्हटलं, "मालू!" सगळीकडून ह्यांच्या आवाजात, तशीच मऊ. लग्न झाल्यापासून ती हाक घराबाहेर कधी गेली नव्हती. मला भयंकर राग आला आणि मी प्रत्येक हाकेला ओ दिली.

जिना मोकळा झाला. ह्यांना आत आणून खुर्चीत बसवलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे वळत नव्हते. मी त्यांचा हात धरला. हात हातात राहिला, तेवढंच. ट्रंक उंबऱ्यात पडली होती. आता कुणीच अडवत नव्हतं. पण नेणार कुणाला? जो माणूस न्यायचा तो मगदूमांकडे खाकरत होता, इनामदारांकडे हसत होता.

ट्रंकेमागे एक वाटी राहिलेली दिसली. काठाला पोचा होता. मगदूम वहिनींची, मी पहिल्यांदा रिकामी दिली होती तीच. ह्यांच्यासमोर धरली, त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांच्यात द्यायला काही उरलं नव्हतं.

मी ती खीर उभ्यानंच खाल्ली. साखर बेताची होती. वाटी घासली, पदरानं पुसली, घरात घालायला काही आहे का म्हणून एकदा सगळे डबे पाहिले. मग वाटी तशीच नेऊन मगदूमांच्या दारात ठेवली, घरी आले आणि ह्यांच्यासमोर बसले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे दारात कुणीतरी खाकरलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, हलले नव्हते. पलीकडे माझ्या बांगड्या वाजल्या आणि आधण चढलं.