सरखोत साहेबांचा राग

"न्याय करायचाय की नमाज पढायचीय, ते एकदा ठरवा!"

वकील नंदकुमारांच्या तोंडून वाक्य निसटलं आणि वांद्र्याच्या त्या कोर्टातल्या सगळ्या माना न्यायाधीशांकडे वळल्या. मागच्या बाकावरून सुगंधा अर्धवट उठलीच. वकील तिचाच होता, आणि डोक्यावरचं छप्परही तिचंच जाणार होतं.

न्यायाधीश सरखोत एवढंच म्हणाले होते, की रमजान चालू आहे, दुपारी मी निकाल सांगत नाही, उद्या सकाळी सांगतो. त्यावर हा भडका. साहेबांचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी चष्मा काढला, उठले आणि आत निघून गेले. परत आले तेव्हा पांढऱ्या दाढीतून पाणी ठिबकत होतं.

"वकीलसाहेबांचं ते वाक्य नोंदवू नका," ते लेखनिकाला म्हणाले. "आणि हा निकाल उद्या नाही. तारीख मागाहून कळवू."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सुगंधा पाच वर्षं चढत होती, तेव्हा तिच्या शहाणपणाविषयी न बोललेलंच बरं. घाटकोपरच्या चाळीतली भाड्याची खोली तिच्या आईच्या नावावर होती. आई गेली आणि घरमालकाने खोली खाली करून घ्यायला दावा लावला, की मुलगी नर्स आहे, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहते, तिचा खोलीवर हक्क कसला? साक्षीपुरावे सगळे सरखोत साहेबांपुढे झाले होते. या जूनअखेर, म्हणजे आठवड्याभरातच, ते निवृत्त होणार होते. तोवर निकाल नाही लागला, तर नव्या साहेबांपुढे नवी रामकहाणी.

बाहेर व्हरांड्यात तिने वकिलाला गाठलं. "बोललात तुम्ही, आणि वाट लागली माझी!"

"गेलं हो तोंडातून, सुगंधाबाई. पाच वर्षं तारखा घेऊन डोकं फिरलं होतं." नंदकुमारांना मान वर करवत नव्हती.

काशीराम पट्टेवाला दारातच उभा होता. मालवणकडचा माणूस, साहेबांकडे कित्येक वर्षं होता.

"बाय, घाबरा नको. सायब रागात आसले की निकाल देत नाय. उठतत, तोंड धुतत, गप बसान ऱ्हवतत. त्येंच्या शास्त्रात लिवलेला आसा, काजीन रागात न्याय करूचो नाय. उपाशीपोटी पण नाय. म्हणान रमजानात निकाल सकाळीच."

"आणि राग गेलाच नाही तर?"

"जातलो. पण ह्या टायमाक राग मोठो आसा."

त्याच्या तोंडून सुगंधाला साहेबांची सगळी कथा कळली. वडील खाडीत होडी वल्हवणारे. मुलगा मदरशात शिकून मौलवी झाला आणि कुर्ल्याच्या मशिदीत पोरांना शिकवू लागला. अरबीतले जाडजूड ग्रंथ त्याला तोंडपाठ. लोक आपले तंटे घेऊन त्याच्याकडे यायचे. एकदा एका विधवेला त्याने तिचा वाटा शास्त्राप्रमाणे बरोबर काढून दिला, पण दिरांनी तो जुमानला नाही आणि बाई रस्त्यावर आली. त्या दिवशी मौलवीला कळलं, की नुसतं खरं काय ते सांगून भागत नाही, ते अमलात आणणारा हातही लागतो. मग वयाने लहान पोरांच्या शेजारी बसून तो रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकला. वकील झाला, न्यायाधीश झाला, चढत चढत या कोर्टाचा मुख्य झाला.

"पण पक्षकाराच्या हातचा पाणीपण घेवचे नाय," काशीराम म्हणाला. "एकदा एका म्हाताऱ्यान आंबे आणल्यान. सायबांनी त्येका बसवन ते त्येकाच खावक लावले."

सुगंधा त्या आठवड्यात रोज यायची. रात्रपाळी संपवून तांबारलेल्या डोळ्यांनी दारात उभी राहायची, आणि काशीराम नकारार्थी मान हलवायचा.

"देवमाणूस म्हणता ना? मग एवढा राग?" एकदा ती चिडून म्हणाली.

"देव नाय गे, माणूसच. म्हणान तर थांबलेले आसत."

अखेर साहेबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी पुकारा झाला. नंदकुमार हात जोडून उठले. "साहेब, त्या दिवशी मी..."

"बसा. तुमची माफी आधी ऐकली तर मन पाघळेल, आणि समोरच्यावर अन्याय होईल." साहेबांनी चष्मा पुसला. "राग माझा गेला होता, वकीलसाहेब. मग दुसरीच भीती वाटायला लागली. मी रागावलेलो नाही हे लोकांना दाखवायला तुमच्या बाजूने निकाल देईन की काय? तोही रागाचाच निकाल झाला असता. काल पहाटे सगळा पुरावा पुन्हा वाचला, तेव्हा तुमचा चेहरा आठवला नाही. म्हणून आज सांगतो."

सुगंधाने बाकाची कड घट्ट धरली.

"शेजारणीची साक्ष आहे, की ही मुलगी रोज ड्यूटी संपवून घरी यायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची वेणी घालायची. रात्रपाळीला ती क्वार्टर्समध्ये पाठ टेकत असेल. पण माणूस रोज जिथे परत येतो ते त्याचं घर. घरमालकाचा दावा फेटाळला आहे."

सुगंधा तिथेच ढसाढसा रडली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

संध्याकाळी निकालाच्या प्रतीसाठी अर्ज देऊन ती निघाली, तेव्हा कोर्टासमोरच्या बस स्टॉपवर तिला रांगेत पुढे एक ओळखीची पांढरी दाढी दिसली. हातात कापडी पिशवी, पिशवीत काळा कोट. साहेब, आणि बसला? काशीराम पिशवी घ्यायला मागे लागला होता, त्याला त्यांनी हसून परतवलं. "अरे, नोकरी पाचला संपली, गाडीही पाचलाच संपली."

बस आली. सुगंधाला खिडकीजवळ जागा मिळाली. साहेब दांडा धरून उभे राहिले.

"ओ चाचा, आत सरका, आत!" कंडक्टर ओरडला. सकाळी ज्यांच्यासाठी सगळं कोर्ट उभं राहिलं होतं, ते निमूटपणे आत सरकले.

सुगंधा उठली. "बसा ना. रोजा असेल तुमचा."

साहेबांनी तिला ओळखलं. सवयीने मान नकारार्थी हलू लागली, मग थांबली. त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. पाच केव्हाच वाजून गेले होते.

"शुक्रिया, बेटी," ते म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन तिच्या जागेवर बसले.