शंभरातले सात

“पोरी, आकडे मांडतेस ते मांड. पण लंबू हल्ली धावताना तोंड वाकडं करतो. त्याला एकदा विचार तरी,” मैदानाला पाणी मारणारे काका खिडकीतून म्हणाले होते.

“काका, तुम्ही गवत बघा, मी गोल बघते,” संघाची आकडेवारी ठेवणारी ताई हसून म्हणाली. मलाही ते पटलं होतं.

मित्रांनो, मी एका फुटबॉल क्लबचा जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं निखळली आहेत. वर्षभर मी कपाटात, फाटक्या जाळ्यांखाली पडून आहे.

एके काळी माझ्यावाचून क्लबचं पान हलत नसे. बाळाला मांडीवर थोपटत ताईने एका हाताने माझ्यात हजारो जुने फटके भरले. फटका किती लांबून मारला, कोणत्या कोनातून, मध्ये किती जण आडवे होते, सगळं. मग नवा फटका आला की मी सांगायचो, अशा शंभरांतले किती आत जातात. प्रशिक्षक म्हणायचे, “हा डबा माझ्यापेक्षा शहाणा!” मी फुशारून जायचो.

लंबू आमचा हुकमी गडी. चेंडू गोलाच्या तोंडाशी नेऊन मारायचा, त्याचे फटके शंभरांत तीस-पस्तीसचे असत. त्या मोसमात मात्र तो लांबूनच मारू लागला. मी इमानेइतबारे सांगितलं, सात. पुन्हा सात.

“डोक्यात हवा गेलीय,” प्रशिक्षक कडाडले. “साहेबांना टाळ्या हव्यात!”

ताईने माझा तक्ता पुढे केला. लंबूला वगळलं. तो उठला. बूट पिशवीत घालून, कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं. गुडघा कामातून गेला होता, जागा जाईल म्हणून त्याने लपवलं होतं. पुढे धावून जाणंच जमत नव्हतं, म्हणून बिचारा लांबून मारत होता.

माझा एकही आकडा चुकला नव्हता, मित्रांनो. पण तो लांबून का मारतो, हे मला कुठून कळणार? ते त्यालाच विचारायचं होतं.

नंतर नवा लॅपटॉप आला. परवा ताईने कपाट उघडून माझ्यावरची धूळ पुसली.

“लंबू फोन उचलत नाही, काका. दोनदा जाऊन बेल वाजवली. बाळ रडायला लागलं, मग परतले.”

“अगं, त्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो!”

 मग कपाट बंद झालं. ताई पुन्हा गेली का, ते मला आतून दिसत नाही.

मला पाय नाहीत, मित्रांनो. तुम्ही जा. मैदानामागची गल्ली, कोपऱ्यावरची इमारत, तिसरा मजला. लंबू एकटाच राहतो. बेल वाजवा, आणि जरा थांबा.