तळ्याच्या आईचं लुगडं

ईश्वरदासजींच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. माणूस नुसता फुलून गेला होता. त्यांच्या पूर्वजांनी केशोरीकडे बांधलेल्या तळ्याची आई आज गोंदियाच्या नव्या संग्रहालयात मांडली जाणार होती, आणि खाली पितळी पाटीवर नाव होतं त्यांचं. ती पाटी वाचायला त्यांनी गाव टेम्पोत भरून आणलं होतं.

ही आई म्हणजे तळं राखणारी देवी, सागवानाची, कमरेएवढी उंच. तळ्याच्या पाळीवर असायची. दरसाली तिचं लुगडं बदलायचं ते घरच्या बायांनी, पदरांचा आडोसा करून. तेवढा वेळ गडीमाणसांनी पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि बायांनी "पाहा आता" म्हटलं की वळायचं. लुगड्याविना तिला एकाही पुरुषानं कधी पाहिलं नव्हतं.

मग पाळीवर सिमेंटचं देऊळ झालं, संगमरवरी मूर्ती आली आणि लाकडाची आई अडगळ ठरली. तिला द्यायला ईश्वरदासजींची बायको धुरपताबाई कशीबशी तयार झाली. अट एकच, लुगडं कोणी काढायचं नाही. "संग्रहालयाच्या साहेबाशी बोललो मी," असं ईश्वरदासजींनी ठोकून दिलं. बोलले कुठले! पाटीवर नावाआधी 'श्री' हवं, एवढंच काय ते सांगून आले होते.

पडदा सरकला. काचेमागे, दिव्यांच्या झोतात, आई उघडी उभी होती. घासूनपुसून लख्ख केलेली.

गावची सगळी गडीमाणसं एकदम पाठमोरी झाली. ईश्वरदासजीही. पाहुण्यांना काही कळेना. धुरपताबाई पुढे झाली, तिच्यामागे बाकीच्या बाया, आणि पदर पसरून त्यांनी काच झाकली.

"साहेबाले सांगतला म्हणत होते ना तुमी?" तिनं तिथूनच विचारलं.

मागे न बघताच ईश्वरदासजींनी खांद्यावरची शाल काढली आणि हात मागे केला.

"राहू द्या. तुमच्या मानाची हाय थे."

संग्रहालयाच्या गुंजन मॅडम धावत आल्या. सगळं ऐकून बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आजी, लुगडं जपून ठेवलंय आम्ही. पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो. सांगितलं असतं तर काढलंच नसतं."

हे अख्ख्या गावानं ऐकलं. शेजारी उभा गावातलाच भैय्यालाल नुसता खाकरला. ईश्वरदासजींना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

काच उघडली, लुगडं आलं. आडोशाआड बांगड्या वाजत राहिल्या. शेवटी धुरपताबाईनं नेहमीची हाक दिली, "पाहा आता!"

सगळे वळले. हात जोडले.

"काकाजी, इधर देखिए ना," फोटोवाला म्हणत होता, "आपही का तो फोटो है."

हातात शाल धरून ईश्वरदासजी दाराकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत.