लाल ठिपक्याची पेटी

मी तसा तापट माणूस. माह्या हाताखाली पोरगं टिकत नाई, असं आमचे मालक केशवराव चारचौघांत सांगत. पण या देवमनचं माप चुकलं, असं बासष्ट सालच्या दसऱ्यापर्यंत कोणी म्हणलं नव्हतं.

आमचा कारखाना अमरावतीले, जिनिंग-प्रेसिंगची मशिनं दुरुस्त करणारा. हत्यारं सगळी विलायती मापाची. अन् अकोल्याच्या एका प्रेसमधलं गाठी दाबायचं मशीन होतं अमेरिकन. अर्ध्या इंचाच्या विलायती बोल्टले एका इंचात बारा आटे, अमेरिकनले तेरा. डोळ्याले फरक दिसत नाई. बाराच्या बोल्टवर तेराचा नट चढवला तं तीन फेरे सुरळीत जाते, मंग अडते. जोर केला तं आटे चेंबते, अन् माणसाले वाटते, बसला.

त्या सालच्या हंगामाआधी मालकानं काम घेतलं, की अकोल्यावाल्यांनी आपले बोल्ट तिथंच कापावे, अशी एक पेटी भरून द्यायची. वरच्या खणात नमुने अन् मापं, खाली आटे पाडायचे डाय अन् नट, झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. तिथला मिस्त्री म्हणजे माहा लहान भाऊ शेषराव. मी महिनाभर खपलो. या कामासाठी आणलेली अमेरिकन हत्यारं आमच्याच कपाटात होती, म्हणून त्याइले एकेक लाल रंगाचा ठिपका देल्ला. लाल ते अकोल्याचं, कोरं ते आपलं. इतकं सोपं करून ठेवलं होतं.

खंडेनवमीले आमच्या कारखान्यात सगळी हत्यारं धुऊन ओळीनं मांडतात अन् मालकाची आई, गोदाबाई, त्याइले हळदकुंकू लावते. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाई, म्हणून ती ते तेलात कालवते. छप्पन सालापासून मी त्या पूजेले उभा राहत नाई. कोणी जोर केला नाई, गोदाबाईनं तं कधी विषयही काढला नाई. दसऱ्याले आमी घरचे सगळे नागपूरले दीक्षाभूमीवर होतो.

परत आलो तं लेथवरचा खरादी वामनराव कपाट लावून राहिला होता. मले पाहून म्हणे, "काहून बे देवमन, आमच्या कुंकवानं तुही हत्यारं बाटली तं नाई ना?"

झालं, माहं टाळकं सरकलं. म्हणलं, "तुमचं कुंकू तुमीच पुसा. मी हात लावत नाई."

त्यानं चिंधीनं पुसल्यासारखं केलं. मी रागारागानं पेटी भरली. अर्ध्या इंचाच्या कप्प्यात वरच जो लाल डाय दिसला तो उचलला, खालचा पाह्यलाच नाई. आटे मोजायची दातेरी पट्टी असते, तिले आमी फणी म्हणतो. ती माह्या खिशातच होती. एक बोल्ट कापून फणी लावली असती तं पाच मिनिटं लागली असती. पण वामनरावसमोर आपलीच हत्यारं तपासत बसायचं? माह्यानं झालं नाई. पेटी त्याच संध्याकाळी ट्रकवर चढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाले मले आमचा अर्धा इंची डाय पाहिजे होता. कप्प्यात एकच होता, अन् त्याच्यावर लाल ठिपका. घासलेटात चिंधी बुडवून पुसला. ठिपका निघाला नाई. पुन्हा पुसला. ते कुंकू नव्हतं, माहा रंग होता.

एक बोल्ट कापून फणी लावली. तेरा.

म्हणजे बाराचा डाय अकोल्याले गेला होता, कुंकवाचा ठिपका लेऊन. अन् तीन वाजता तिथं हंगामाची पयली गाठ दाबायची होती. प्रेसच्या दाराची खिटी आठ बोल्टांवर असते, अन् ते त्याच डायनं कापायचे होते. दाब चढला अन् आटे सुटले तं दार सुटते, अन् दारासमोर उभा राहते तो मिस्त्री. म्हणजे माहा शेषा.

मालकानं ट्रंककॉल लावला. लाइन लागेना. म्या खरा डाय थैलीत टाकला अन् एस्टी पकडली. मूर्तिजापूरले डायव्हर चहाले उतरला तो उतरलाच. त्याले शिव्या द्याव्या असं वाटलं, पण मी हॉर्नच दाबून धरला.

प्रेसमध्ये शिरलो तेव्हा मशीनच्या खोक्यात रुई भरून झाली होती. शेषाचा हात दाब चढवायच्या दांड्यावर होता. मी धावत जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

"सोड."

"अरे दादा, तू कसा काय आला?" तो हसून राहिला होता.

"बोल्ट कसे बसले?"

"कडक बसले. तीन फेऱ्यांवर अडले, मंग लांब दांडीचा पान्हा लावला."

"अडले तं थांबला काहून नाई?"

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं, जसं मीच खुळ्यासारखं विचारून राहिलो. "पेटी तू भरली होती ना. दुसऱ्या कोणी भरली असती तं फणी लावली असती."

मी तिथंच रुईच्या ढिगावर बसलो. आयुष्यात मले कोणी एवढा मोठा माणूस म्हणलं नव्हतं, अन् त्यापायी तो मरणार होता. खिटीचा एक बोल्ट त्याले खोलायले लावला. अर्ध्यात आला अन् चेंबलेल्या आट्यांसकट ओढूनच निघाला. तवा त्याचं हसू गेलं. मी मॅनेजरले अन् सगळ्या माणसाइले सांगतलं, की चूक माही आहे, शेषरावची नाई, वामनरावची नाई, कुंकवाची तं नाईच नाई.

मंग थैलीतून डाय काढून शेषाच्या हाती देल्ला, अन् खिशातली फणीही देल्ली.

त्यानं नव्या डायनं पयला बोल्ट कापला. मी नट उचलून पुढं केला, तं त्यानं तो घेतला नाई. माह्यासमोर, सगळ्याइसमोर, त्यानं आधी फणी लावली अन् दाते मोजले.

"तेरा," म्हणे.

मले राग आला नाई.