मांजराची उडी

शिराळ्याच्या मैदानावर खो-खोची अंतिम लढत जिंकायला उंब्रजच्या मुलींना आणखी वीस सेकंद काढायचे होते. आत एकटी झोया उरली होती.

खांबापासून चार हातांवर तिची थोरली बहीण शिफा उभी होती. दोन वर्षांपूर्वी असाच खांबाजवळ चकवा देताना शिफाचा गुडघा आत वळला आणि कट असा आवाज झाला. मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी महिनाभर तेल चोळलं. लिगामेंट तुटल्याचं मग कळलं. ऑपरेशननंतर ती संघाकडून रोज वीस मिनिटं उड्या मारून घेऊ लागली. गुडघे वाकवून, ते आत न वळवता, मांजरासारखं बिनआवाजी उतरायचं.

"मांजरं आली रं, दूध आणा," कट्ट्यावरची पोरं ओरडायची.

वडील दस्तगीर यांनी मात्र बजावलं होतं, झोयाचा गुडघा दुखावला तर तिचाही खेळ बंद. आज तेही शिफाजवळ उभे होते.

झोया खांबाकडे सुसाट निघाली. मागची मुलगी झेपावली. झोया खांबाला धरून हवेतच वळली, आणि शिफाने डोळे मिटून कान टवकारले.

"पडली काय गं?" दस्तगीर यांनी विचारलं. त्यांचेही डोळे मिटलेले होते.

"न्हाई अब्बा. उतरल्याचा आवाजच न्हाई आला."

दोघांनी डोळे उघडले. झोया दुसऱ्या खांबाकडे निघाली होती. शिट्टी वाजली, उंब्रजकर मैदानात धावले, तरी ती पळतच होती.