दात काढले

मी झोपेत दात खाते, हे मला मौलिकच्या पप्पांनी सांगितलं. "नीरु, जातं थांबव," म्हणायचे आणि माझ्या जबड्यावर तळवा ठेवायचे. जातं थांबायचं. त्यांना जाऊन साडेतीन वर्षं झाली. तेवढ्या काळात पुढचे सहा दात झिजून तांदळाच्या कणीएवढे उरले. मग हसताना पदर तोंडाशी जायला लागला. नंतर तर हसायचाच कंटाळा.

"घरी दात खाण्याचा आवाज कोण ऐकतं, मासी?" दातांच्या डॉक्टरनं, कणसागरांच्या धाकट्या सुनेनं, विचारलं.

"पाल," मी म्हटलं.

ती म्हणाली, आधी मसाला भरून दात पूर्वीच्या उंचीचे करू. दीड महिना झिजले नाहीत, तर त्यावर चिनी मातीच्या टोप्या. आणि झोपताना कायम एक पारदर्शक साचा घालायचा. जातं फिरलं तर साच्यावर फिरेल. रंगाची पट्टी तिनं पुढे धरली. मोरबीच्या टाइल कारखान्यात मी बावीस वर्षं छटा निवडल्यात. "हा. याहून पांढरा नको, संडासाच्या लादीसारखा दिसेल."

मसाला भरून झाल्यावर तिनं हातात आरसा दिला. "आता जरा दात काढा, मासी."

आमच्या काठियावाडात हसण्याला दात काढणं म्हणतात, साधं, मनापासून हसण्याला. पण दातांच्या डॉक्टरनं, हातात चिमटा धरून म्हणावं? मी अशी हसत सुटले की खुर्ची हलायला लागली.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मौलिक मेलबर्नला. त्याचा फोन रविवारी, चार मिनिटं, त्यातलं अर्धं "बाकी काय?" आणि "बाकी काही नाही." त्या दिवशी मीच लावला.

"बेटा, आज डॉक्टरकडे मी दात काढले!"

"काढले? किती?"

मला वाटलं, लाडात आलाय. "सगळे!"

"मम्मी! सगळे? एकाच दिवशी?"

तेव्हा उमगलं. अकरा वर्षांत पोरगा आपली बोली विसरला. शाळेत 'दात काढू नकोस' म्हणून रोज छडी खाणारा हा!

सांगणारच होते. पण तो थांबेना. रक्त फार गेलं का, घरी कोणी आणलं, एकटी कशी आलीस, जेवलीस काय. पस्तीस मिनिटं. शेवटी म्हणाला, "उद्या याच वेळी करतो."

"कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खरंच केला. तिसऱ्याही. दुपारी दीडला मी ताट घेऊन फोनजवळ बसू लागले.

"खिचडीच खातेस ना?"

"खिचडीच रे," म्हणत मी कुरकुरीत गांठिया मोडला.

"हा कसला आवाज?"

"लाइनीत खरखर आहे."

बापासारखाच आहे. रोज फोनवर सांगायचा, मिठाच्या पाण्यानं चूळ भर, उशी उंच घे. एकदा तर म्हणाला, "रडू नकोस हं." मी रडत नव्हते, मिरची लागली होती. पण तेवढ्यानं खरंच आलं.

दीड महिन्यानं डॉक्टरनं रंगीत कागद चाववून पाहिला. "मसाला जसाच्या तसा! पाहुणे आलेत का घरी?"

"दुपारचे येतात," मी म्हटलं. टोप्या बसल्या.

घरी येताना ठरवलं, आज सांगून टाकायचं. दीडला फोन वाजला. पहिल्यांदाच चेहरा दिसणारा. केस विरळ झालेत त्याचे.

"दाखव बघू तोंड. कवळी कधी बसवणार? ती बसली की माझी काळजी मिटली. मग आपला रविवार आहेच."

माझा हात पदराकडे गेला. जुनी सवय, कामाला आली.

"सूज आहे रे अजून."

"बरं, घाई नको. उद्या करतो."

फोन काळा झाला, त्यात मी दिसले. पदर खाली केला, खिडकीशी गेले, उजेडात दात काढले. साही टोप्या एका छटेच्या. एकही परत पाठवण्यासारखी नव्हती.