एकशे दहा पावलं

माणूस किती जवळ आला की पक्षी उडतो, हे शंभुलिंग पावलांत मोजायचा. बगळा चाळिसावर, शेकाट्या साठावर, आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब एकशे दहावर. थवा उडाला की आपण जागीच थांबायचं आणि तो बसला होता तिथपर्यंत पावलं मोजत जायचं, ही त्याची रीत. त्याला अण्णा म्हणणारा धाकटा भाऊ शिवानंद सोबत असला की तो त्यालाही मोजायला लावायचा आणि दर वेळी हसून म्हणायचा, "दोन कमी मोजलीस, शिवा."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत हाच शंभुलिंग सास्तूरच्या पलीकडच्या तलावावर दोन-तीन दिवस एकटाच पक्षी बघायला गेला, तो परत आला नाही. बंगळुरूला नोकरीला गेला, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं. ठरवलंच म्हणायचं, कारण त्याचा एक फोन नाही की चिठ्ठी नाही, आणि वडिलांनी, आप्पांनी, पोलिसांत साधी तक्रारसुद्धा दिली नाही. बहिणीचं लग्न जमत होतं ना! "घरातली गोष्ट चावडीवर न्ह्यायची न्हाय," असं काका म्हणाले आणि आप्पांनी नंदीबैलासारखी मान हलवली. नोकरीला निघालेला माणूस जिवापाड जपलेली दुर्बीण आणि वही मागं टाकून जातो होय, असं शिवानंदनं विचारलं तेव्हा आप्पांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "इंजिनेरिंग अर्ध्यात सोडलेल्यानं आमाला अक्कल शिकवू न्हाय."

तीच दुर्बीण गळ्यात अडकवून आणि तीच वही खिशात घालून शिवानंद यंदा त्याच तलावावर आला. काठाला लागून गुरुसिद्धप्पा काकांचं हरभऱ्याचं रान होतं. दुर्बीण आणि वही घरी आणून देणारे काकाच होते. त्या वस्तू त्यांना कुठं सापडल्या आणि अण्णाचं काय झालं, एवढंच त्याला हवं होतं. पक्षी हे निमित्त.

"पाखरं बघाया आलास?" रानातल्या पत्र्याच्या शेडपुढं बसून गोफणीची दोरी वळत काका म्हणाले. "बघ की. माझा हरभरा खात्यात ती. अजून काय बघायचं असतंय त्यात?"

"अण्णाची दुर्बीण तुम्हाला कुठं घावली, काका?"

"काठाला."

"काठाला कुठं?"

काकांनी वळलेली दोरी ओढून पाहिली. "तू बी लई खोलात जातोस. दोन दिस ऱ्हा, जेव, जा."

वहीच्या शेवटच्या पानावर अण्णाच्या ठसठशीत अक्षरात कादंबांपुढं तीन आकडे होते. एकशे दहा, सत्तर, पंचवीस. आणि त्याखाली एकच ओळ, 'उडाले नाहीत.' शिवानंदनं ते पान शंभरदा वाचलं होतं आणि शंभरदा ते त्याला अर्धवट वाटलं होतं.

त्या संध्याकाळी बांधावरून तो उतरला तेव्हा आधी टिटवीनं गाव गोळा केल्यासारखा कालवा केला, मग कादंबांचा थवा उठून पाण्यावर गेला. त्यानं मोजली, एकशे आठ भरली. सवयीनं दोन मिळवून त्यानं अण्णाच्या आकड्यांखाली एकशे दहा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी ओरडली नाही. डोळ्यांसमोरून धावत गेली, थांबली, चिखलात चोच खुपसली. कादंब सत्तरावर उडाले. आपल्या चालीत अण्णासारखी हळुवारता आली असणार, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

फाट्यावरच्या गुंडाप्पाच्या हॉटेलात त्यानं चहा सांगितला. मागून आलेल्या दोघांना मिळाला, त्याला नाही. पुन्हा सांगितला. गुंडाप्पा फडक्यानं टेबल पुसत त्याच्या अंगावरून पुढं गेला. काकांनी इथंही सांगून ठेवलं असणार! म्हाताऱ्यांची जात सगळी एक. पोरगं प्रश्न विचारतंय म्हटलं की ह्यांचे कान, डोळे एकदमच जातात.

"ओ मालक, मी कवाचा उभा हाय!"

गुंडाप्पानं उन्हात बघावं तसे डोळे बारीक केले. "आलाव व्हय? दिसलाच न्हाईत की." कप ठेवताना हात जरा चाचपडला. "गुरुसिद्धप्पाच्या रानात उतरलाव जणू. मागं एक पोरगं असंच च्या मागून मागून दमलं हुतं."

"कुठलं पोरगं? दुर्बीण होती त्याच्याजवळ?"

पण गुंडाप्पा गिऱ्हाइकाशी बोलायला लागला होता, आणि शिवानंद तिसऱ्यांदा ओरडला तरी त्याचं बोलणं तुटलं नाही.

दुपारी पंचवीस. संध्याकाळी काकांनी एकाच ताटात भाकरी घेतली, खाल्ली आणि उरलेली फडक्यात बांधली. शिवानंद समोर बसून होता. ही त्यांची जुनी तऱ्हा. आप्पासुद्धा रागावले की असंच त्याला वगळून जेवायचे. मागायची नाही, असं ठरवून तो तसाच आडवा झाला, आणि विशेष म्हणजे भूकही लागली नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तो काठावर गेला. कादंब हरभरा खाऊन चिखलात विसावले होते. तो पन्नासावर गेला, विसावर गेला, दहावर गेला. पाण्याशी एक काळा सपाट खडक होता, त्यावर त्यानं दुर्बीण आणि वही ठेवली आणि रिकाम्या हातांनी थव्यात शिरला. कुणी उडालं नाही. एका पक्ष्यानं त्याच्या पावलाला लागून असलेलं गवत उपटलं. कुणा वडीलधाऱ्यानं त्याला कधी धड जवळ उभं केलं नव्हतं, आणि ही रानटी, संशयी पाखरं त्याला आपल्यात घेत होती. अण्णालाही असंच वाटलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि वहीतली शेवटची ओळ त्याला आठवली.

एकदम सगळ्या माना उंचावल्या. फडफडाट झाला आणि अख्खा थवा त्याच्या चहूबाजूंनी आभाळात गेला. बांधावर काका उभे होते.

त्यांनी गोफण उचलली नाही. सरळ खडकाच्या दिशेनं चालत आले, इकडंतिकडं न शोधता, देवघरातल्या कोनाड्याकडं जावं तसे. शिवानंद सवयीनं त्यांची पावलं मोजत राहिला. त्यांनी दुर्बीण उचलली, धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं, वही खिशात घातली.

"काका, इथंच घावली व्हती ना?" तो दोन हातांवरून म्हणाला.

काकांनी फोन कानाला लावला. "व्हय दादा. त्याच खडकावर. दुर्बीण बी हाय, वही बी." पलीकडून आप्पा काहीतरी बोलले. काका पाण्याकडं, त्याच्या आरपार, बघत राहिले. "बंगळुरू नगं. ते मागं सांगून झालंय. औंदा हैदराबाद म्हणा."

ते बांधाकडं वळले. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडून जिभेवर असलेला आकडाच निघाला, "एकशे आठ."

मागं, पाण्यात, अगदी जवळ कुणीतरी हसलं.

"दोन कमी मोजलीस, शिवा."